व्हिडिओ कॉल तुटतो कुठे? शेवटच्या दहा हातांत!



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्सोव्याला यारी रोडच्या बाजूला माझी धाकटी बहीण राहते. एक खोली, वर पत्र्याचा पोटमाळा. तिची थोरली मुलगी लॅबोरेटरी तंत्रज्ञाचा कोर्स पुरा करून नोकरी शोधत होती. एका मोठ्या रुग्णालयाकडून बोलावणे आले. मुलाखत व्हिडिओ कॉलवर, वेळ सकाळी ११.

त्या दिवशी बहिणीने कामावर खाडा केला. मुलीने भिंतीवर स्वच्छ चादर लावली, इस्त्रीचा ड्रेस घातला, पुस्तके उजळून ठेवली. मुलाखत सुरू झाली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे झाली आणि तिसऱ्या प्रश्नाला समोरच्या मॅडमचे चित्र थिजले. "तुमचा आवाज तुटतोय... हॅलो... ऐकू येतंय का?" आणि कॉल बंद. पोरीने पुन्हा लावला, पुन्हा तुटला. मी त्याच वेळी सहज म्हणून तिकडे गेलो होतो. पाहतो तर पोर रडते आहे.

"मामा, त्यांना वाटलं असेल मला उत्तरच येत नाही."

तिचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दोष तारेचा आणि लाज पोरीला! मी टेलिफोनच्या तारा जोडण्याच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस. तिला म्हटले, "अगं, आधी डोळे पूस. तुटलंय कुठे ते शोधू." पाच मिनिटांत सापडले. कसे, ते पुढे सांगतो. आज नोकरी, शाळा, कोर्टाची तारीख, परगावच्या नातवाचे तोंड, सारे या छोट्याशा पडद्यावर आले आहे. म्हणून प्रत्येक घरातल्या निदान एका माणसाला तरी हा शोध घेता आला पाहिजे.

समुद्राखालून आपल्या दारापर्यंत

वर्सोव्याचा किनारा आपल्याला कोळीवाड्यासाठी, मासळीसाठी आणि मढला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी माहीत आहे. पण याच किनाऱ्याच्या वाळूखालून परदेशाशी बोलणाऱ्या तारा मुंबईत शिरतात, हे कितीजणांना ठाऊक असते? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २०२३ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे भारतात अशा १७ आंतरराष्ट्रीय समुद्री तारा १४ केंद्रांवर उतरत होत्या. ही केंद्रे मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन आणि तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत. मुंबईत वर्सोवा हे अशा तारांचे मोठे उतरण्याचे ठिकाण आहे.

पुष्कळांची समजूत अशी की परदेशचा कॉल आकाशातून, उपग्रहावरून येतो. एके काळी तसे होते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली मोठे उपग्रह केंद्र सुरू झाले आणि परदेशचे फोन तेथून होऊ लागले. पण तो उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर. आवाज वर जाऊन खाली यायलाच जवळजवळ पाव सेकंद लागे. आपण बोललो की पलीकडचे उत्तर अर्ध्या सेकंदाने कानावर पडे आणि दोघे एकाच वेळी बोलू लागत. समुद्राखालची तार काचेच्या तंतूची असते. केसाएवढा बारीक तंतू आणि त्यातून धावणारा प्रकाश. दहा हजार किलोमीटर जायला त्याला सेकंदाचा फक्त विसावा भाग पुरतो. म्हणून आज देशादेशांतील बहुतेक सगळे बोलणे या तारांतूनच चालते.

या ताराही तुटतात. बहुतेक वेळा जहाजाचा नांगर किंवा मासेमारीचे जाळे अडकून. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या तारा तुटल्या आणि भारतातले नेट मंदावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात तीन तारा तुटल्या. ६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियाच्या जेद्दाजवळ पुन्हा तसेच झाले. पण एक तार तुटली तरी बाकीच्या तारांवरून लांबचा फेरा घेऊन काम चालते. नेट मंद होते, सहसा पुरते बंद पडत नाही.

आता गंमत पाहा. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून तार वर्सोव्याला सुखरूप येते. तिथून बहिणीची खोली चालत जाण्याच्या अंतरावर. आणि कॉल तुटला तो खोलीतल्या शेवटच्या दहा हातांत! आपल्या घरातले बहुतेक कॉल असेच तुटतात. समुद्रातली तार आपल्या हातात नाही. हे दहा हात मात्र आपलेच आहेत.

कार्यक्रम दिसतो, मग कॉल का तुटतो?

आपल्याकडे पुष्कळजण म्हणतात, "नेट चालू आहे, यूट्यूब दिसतंय, मग कॉलच का अडकतो?" हे नीट समजून घेऊ.

२०२० च्या ६ डिसेंबरला साथीमुळे चैत्यभूमीवर गर्दी न करता घरूनच अभिवादन करा असे आवाहन झाले होते आणि तेथील कार्यक्रम दूरदर्शनवर व मोबाईलवर थेट दाखवला गेला. असा कार्यक्रम मोबाईलवर पाहताना फोन पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतो. मध्ये नेट जरा अडखळले तरी साठा पुरतो, आपल्याला कळतही नाही. शिवाय तिथे माल एकाच दिशेने येतो. आपल्याला काही पाठवायचे नसते.

कॉलमध्ये साठा करता येत नाही. मी आत्ता बोललो ते समोरच्याला आत्ताच ऐकू गेले पाहिजे. स्लॅब टाकताना माणसांची रांग हातोहात घमेली देते, तसे हे काम आहे. तुमचा आवाज आणि चित्र यांचे बारीक बारीक तुकडे होतात, एकेक घमेले पुढे सरकते. एखादे घमेले हातातून पडले तर ते उचलायला कोणी थांबत नाही, पुढचे येत असते. एक-दोन पडली तर चालते. फार पडली की शब्द गळतात, चेहऱ्याचे चौकोन होतात. आणि रांगेतला एकच माणूस रेंगाळला की सगळी रांग अडते, मग चित्र थिजते.

म्हणजे कॉलला नुसता वेग पुरत नाही, रांग अखंड चालावी लागते. आणि ती दोन्ही दिशांनी. मोबाईलवर येणारा रस्ता रुंद आणि जाणारा रस्ता अरुंद असतो. म्हणून मॅडम आपल्याला झकास दिसतात, पण आपण त्यांना तुटक दिसतो.

दोष शोधायचा क्रम

घाबरून दहा बटणे दाबू नयेत. तारवाल्याचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा. क्रमाने स्वतःला पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : कोणाचे तुटते आहे? कॉलवर पाचजण असतील आणि चौघे एकमेकांना नीट दिसत असतील, तर दोष त्या एका पाचव्याकडे. सगळेच सगळ्यांना तुटक दिसत असतील तर दोष त्या ॲपकडे किंवा मोठ्या लाईनवर, आपण उगाच धडपडू नये. आणि आपल्याला सारे नीट दिसते पण त्यांना आपण तुटतो, असे असेल तर आपल्याकडून जाणारा रस्ता अडला आहे.

दुसरा प्रश्न : तुटते आहे की बंदच आहे? कॉल चांगला चालू आहे, पण आवाजच जात नाही, तर तो नेटचा दोष नव्हे. माईकवर आडवी रेघ असेल, म्हणजे आवाज बंद केलेला असेल. किंवा ॲपला माईक-कॅमेरा वापरण्याची परवानगी दिलेली नसेल. ती फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावाखाली मिळते. कधी ब्लूटूथचा कानातला पेटीत पडलेला असतो आणि आवाज तिकडे जात असतो. दुसऱ्या ॲपने कॅमेरा धरून ठेवला असेल तर ते ॲप बंद करावे. आवाज घुमत असेल तर एकाच खोलीत दोन फोनवर तोच कॉल चालू आहे का ते पाहा. आणि फोनची तारीख-वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते. ही गोष्ट साधी, पण भल्याभल्यांना सुचत नाही.

तिसरा प्रश्न : वायफाय की मोबाईल डेटा? वायफायवर तुटत असेल तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर लावून पाहा. सुधारले तर दोष वायफायचा. नाही सुधारले तर फोन किंवा ॲप तपासा. या एका चाचणीने निम्मा शोध संपतो.

चौथा प्रश्न : वायफायचा डबा कुठे आहे? भाचीच्या घरी इथेच चोर सापडला! डबा लोखंडी कपाटावर, पितळी हंड्याच्या आणि पत्र्याच्या डब्यांच्या मागे, आणि मुलगी पोटमाळ्यावर. मध्ये पत्र्याचे तळ. वायफायच्या लहरी लाकूड आणि पातळ भिंत ओलांडतात, पण पत्रा, लोखंडी कपाट आणि पाण्याची भरलेली टाकी यांच्यापुढे हात टेकतात. डबा उंचावर, मोकळा, खोलीच्या मध्याकडे ठेवावा. दुसरे असे की चाळीत आणि वस्तीत भिंतीला भिंत लागून दहा घरांचे दहा डबे असतात. त्यांच्या लहरी दोन प्रकारच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळच्या जवळ, पण रस्ता मोकळा. फोनवर वायफायची दोन नावे दिसत असतील आणि एकापुढे '५जी' असे असेल, तर डब्याजवळ बसून ते निवडावे. लॅपटॉप असेल तर डब्यापासून सरळ वायर लावावी. संगणकाच्या दुकानात 'लॅनची वायर' मागितली की मिळते. वायरला ना पत्रा आडवा येतो, ना शेजारी.

पाचवा प्रश्न : रांगेत आणखी कोण उभे आहे? भाचीचा भाऊ खाली पिक्चर उतरवत बसला होता आणि शेजारच्या खोलीलाही याच डब्याचा पासवर्ड दिलेला होता. शेजारधर्म चांगला, पण मुलाखतीचा अर्धा तास सर्वांना सांगून नेट मोकळे ठेवावे. फोनमध्ये पाठीमागे चालू असलेली ॲपे, फोटोंची आपोआप साठवण, ॲपचे अपडेट हेही जागा खातात. तेही थांबवावे.

एवढ्यानेही न झाल्यास डबा बंद करून अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावावा. मोबाईल डेटावर असाल तर विमानाच्या चिन्हाचे बटण दहा-वीस सेकंद चालू ठेवून बंद करावे. फोन पुन्हा नव्याने टॉवरशी जोडला जातो. लक्षात ठेवा, रेंजच्या उभ्या रेघा टॉवरचा जोर दाखवतात, टॉवरवरची गर्दी नाही. रेघा पूर्ण असूनही संध्याकाळी नेट रांगते ते म्हणूनच. खिडकीजवळ गेल्याने रेंज सुधारते. गर्दी कमी करण्याचा उपाय मात्र वेळ बदलणे हाच.

डब्यावर 'एलओएस' असे लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र घरात काही करू नये. त्याचा अर्थ काचेच्या तारेतून प्रकाश येत नाही. तार कुठे दुमडली आहे का, कपाटाखाली चेपली आहे का, एवढेच पाहावे आणि नेटवाल्याला बोलवावे. ही तार तांब्याच्या वायरीसारखी दुमडून खिळ्याला गुंडाळू नये, काच आहे ती. आपल्याकडे समुद्राची खारी हवा. तिने धातूचे सांधे गंजतात. पावसाळ्याआधी चार्जरचे आणि डब्याचे पिन कोरड्या फडक्याने पुसून ठेवावेत, अर्थात वीज बंद करूनच.

पॅकचा हिशोब

पुष्कळ कॉल तुटतात ते दोषाने नव्हे, पॅक संपल्याने. रोज दीड किंवा दोन जीबीचा पॅक असतो. तो संपला की नेट बंद होत नाही, पण वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो. तेवढ्यात चित्र चालणे शक्य नाही.

झूमच्या कंपनीच्या सांगण्याप्रमाणे दोघांच्या चांगल्या चित्राच्या कॉलला येता-जाता प्रत्येकी ६०० केबीपीएस लागतात. म्हणजे तासाला साधारण अर्धा जीबीपेक्षा थोडे अधिक. चित्र अधिक स्वच्छ हवे तर हा आकडा दुप्पट होतो. नुसत्या आवाजाला मात्र याच्या सहाव्या-दहाव्या भागातच काम होते. यावरून सर्वांत मोठा उपाय ध्यानात घ्या. तुटायला लागले की आपला कॅमेरा बंद करा. चित्राचे ओझे उतरले की आवाजाची घमेली सुरळीत चालतात.

टाळेबंदीत, २०२० साली, शाळा फोनवर आल्या तेव्हा एका फोनवर तीन-तीन भावंडे हे आपण पाहिले. पोरे मागे पडली ती बुद्धीने नव्हे, पॅकने. म्हणून सांगतो, ज्या दिवशी महत्त्वाचा कॉल असेल त्या दिवशी सकाळपासून त्या फोनवर गाणी-पिक्चर कोणी पाहू नये.

आखाती देशांतले आप्त

आपल्या वस्त्यांतील बरीच मंडळी आखातात कामाला आहेत. तिकडचा कॉल लागत नाही म्हणून इकडे आई काळजी करीत बसते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, हे आधी लक्षात घ्यावे. दुसरे, संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यावर वर्षानुवर्षे सरकारी बंधने आहेत. तेथे संदेश जातो, पण व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही अशी तक्रार येते ती यामुळे. २०२० च्या साथीत तेथील सरकारने झूम, टीम्स यांसारख्या काही ॲपांना मुभा दिली. म्हणून तिकडे कोणते ॲप चालते ते मुलालाच विचारून घ्यावे. सौदी अरेबियाने असे बंधन २०१७ मध्ये सैल केले. आणि जुन्या मंडळींच्या ओळखीचे स्काइप तर ५ मे २०२५ पासून कायमचे बंद झाले. ते लागत नाही म्हणून फोन दुकानात नेण्याचे कारण नाही.

आदल्या दिवशीची तयारी

आदल्या संध्याकाळी, आणि शक्यतो ज्या वेळी कॉल असेल त्याच वेळी, मावशीला किंवा मैत्रिणीला त्याच ॲपवरून दहा मिनिटे कॉल करून पाहावा. ॲप अद्ययावत करून घ्यावे. फोन पुरता चार्ज करावा. दुसरा फोन डेटासह जवळ ठेवावा. पहिला फोन अडला तर त्याचा हॉटस्पॉट लावता येतो. दोन फोनांत दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे असतील तर फारच उत्तम. बोलावणाऱ्यांचा साधा फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवावा.

तरीही तुटले तर? गप्प राहू नये. सरळ सांगावे, "सर, माझ्या बाजूने आवाज तुटतो आहे. मी कॅमेरा बंद करून बोलते." पुरता बंद पडला तर लगेच फोन करावा, "मॅडम, नेट गेले होते. मला पाच मिनिटे द्यावीत." यात कमीपणा काही नाही. तार मोठ्या बंगल्यातल्या माणसाचीही तुटते.

एक सावधगिरी. 'नेट दुरुस्त करून देतो, हे ॲप टाका, ओटीपी सांगा, स्क्रीन दाखवा' असा अनोळखी फोन आला तर तो फसवणारा समजावा. असले ॲप टाकू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पुढे काय झाले?

त्या दिवशी भाचीला खाली खिडकीपाशी बसवले. भावाचा पिक्चर थांबवला, वायफाय बंद करून माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला आणि पत्रावरच्या नंबरावर तिने स्वतः फोन केला. मॅडमनी साडेबाराची वेळ दिली. कॅमेरा सुरुवातीला चालू, मग बंद, अशी पंचवीस मिनिटे मुलाखत झाली. एकही शब्द तुटला नाही.

ती नोकरी तिला मिळाली नाही. जास्त अनुभवाची मुलगी निवडली गेली. पण त्या रात्री पोर रडली नाही. "मामा, या वेळी त्यांनी माझं ऐकून मग नाही म्हटलं," असे म्हणाली. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका लॅबची मुलाखत पुन्हा कॉलवरच झाली. त्या वेळी डबा कपाटावरून उतरून खिडकीच्या फळीवर गेला होता. तिथे ती लागली. आता आजूबाजूच्या चार घरांतून मुलाखत असली की तिलाच बोलावणे येते, "ताई, जरा डबा बघून दे ना."

आपल्या आया-बहिणींनी, मुलामुलींनी यंत्राला भिऊ नये. आज संध्याकाळी एवढेच करा : घरातला वायफायचा डबा कुठे ठेवला आहे ते उठून पाहा.